सिझरची तारीख ठरली आहे: नेहमीची पद्धत की कुटुंबाला सोबत घेणारी?

हॉस्पिटल निवडताना आपण डॉक्टर कोण, खर्च किती, खोली स्वतंत्र मिळेल का, एवढं विचारतो. बाळाचा पहिला तास कुणाजवळ जाणार, हे विचारायचं राहून जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के प्रसूती सिझरने होतात, गोव्यात जवळजवळ ४० टक्के. म्हणजे हा प्रश्न कितीतरी घरांचा आहे.

नेहमीच्या पद्धतीत आईला ऑपरेशन दिसू नये म्हणून मध्ये पडदा असतो; त्याच्या वरून बाळ क्षणभर दाखवतात, पुसून, वजन करून बाहेर नातेवाइकांकडे देतात. टाके पूर्ण होईपर्यंत आई आत एकटीच. सगळ्या घराने बाळ पाहिलेलं असतं, आईने तेवढं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी पद्धत लंडनच्या क्वीन शार्लट हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये लेखातून मांडली. कमरेतली भूल तीच, टाके तेच, नंतरचं दुखणंही तेच. फरक बाळ बाहेर येतानाचा आणि त्यानंतरचा. पडदा खाली करतात, बाळ सावकाश बाहेर येऊ देतात आणि थेट आईच्या छातीवर ठेवतात. नवरा उशाशी असतो. बाळाला जागा राहावी म्हणून ईसीजीचे चिकटपट्टे छातीच्या मधोमध न लावता बाजूला लावतात, सलाइन डाव्या हाताला (डावखुरी असेल तर उजव्या), म्हणजे बाळाला धरायला हात मोकळा राहतो. वर ऊबदार दुपटं हवंच, ऑपरेशन थिएटरमधला एसी गार असतो.

पारदर्शक पडदा, संगीत यांसाठी पॅकेजचे वेगळे पैसे सांगितले तर मी ते देणार नाही. बाळाला छातीवर ठेवायला आणि नाळ मिनिटभर थांबून कापायला महागडं यंत्र लागत नाही. लागते ती बाळाकडे लक्ष ठेवणारी एक जास्तीची नर्स. तेवढी माणसं नसतील, तर नेहमीची पद्धतच सुरक्षित.

तातडीचं सिझर, जास्त रक्तस्राव, पूर्ण भूल किंवा बाळाला श्वासाचा त्रास असेल, तर हा पर्याय बाजूला पडतो. आईला थंडी वाजून कापरं भरलं किंवा उलट्या झाल्या, तर बाळ बाबाच्या उघड्या छातीवर ठेवता येतं. हे नेहमीच्या पद्धतीतही मागून घ्या.

छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बऱ्याचदा बाहेरून येतात. नवऱ्याला आत घेणं, पट्टे कुठे लावायचे, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. ऐन ऑपरेशनच्या सकाळी कुणालाच वेळ नसतो.