नातिख्म्यास्त : पोलिश महाकोशातील एक नोंद

क्राकूव येथील पोलिश भाषा संस्थेचा महाकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असून, त्यात अर्थ, वापराची उदाहरणे आणि व्युत्पत्ती एकत्र मिळतात. ‘ताबडतोब’ या अर्थाचे ‘नातिख्म्यास्त’ हे रोजच्या वापरातील क्रियाविशेषण घ्या. ते ‘ना’ (वर), ‘तिख’ (त्या) आणि ‘म्यास्त’ यांच्या जोडणीतून झाले आहे; ‘म्यास्तो’ म्हणजे आज शहर, परंतु जुन्या पोलिशमध्ये त्याचा अर्थ जागा असा होता. म्हणजे आपले ‘जागच्या जागी’च! ‘ज़ाम्यास्त’ या ‘ऐवजी’ अर्थाच्या शब्दातही, आपण ‘त्याच्या जागी’ म्हणतो तशी, तीच जागा दडलेली आहे. कोशातील स्पष्टीकरणे पोलिशमध्येच असल्याने नवशिक्यांना तो जड जाईल. थोडी भाषा येणाऱ्यांनी मात्र तो अवश्य वापरावा.