डेस्कटॉप बिघडला: घरीच उघडायचा की दुकानात न्यायचा?

बटण दाबलं, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच. अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "उचल आणि दुकानात टाक." दुसरा स्क्रूड्रायव्हर शोधायला लागतो. मी दुसऱ्या पक्षातला, पण प्रत्येक बिघाडाला नाही.

रॅमचा, म्हणजे काम चालू असताना माहिती धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या पट्टीचा, संशय असेल तर आधी घरीच. गेल्या पावसाळ्यात माझा पीसी नुसता बीप-बीप करत बसला. दुकानदाराने फोनवरच "मदरबोर्ड गेला असणार" म्हणून निकाल लावला. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी. मी वायर काढली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला आणि रॅमच्या क्लिपा मागे सारल्या. पट्टीचे सोनेरी दात काळवंडले होते. मुलाच्या कंपासपेटीतला खोडरबर त्यांवरून हलक्या हाताने फिरवला, भुगा झटकला, पट्टी परत दाबून बसवली. टक्. एकच बीप झाला आणि विंडोज उघडलं. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघा, खराब कोणती ते कळतं. नवी घेताना जुनी सोबत न्या. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

रोज तारीख-वेळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला. चहा-वड्याच्या पैशांचं काम, त्यासाठी रिक्षाभाडं कशाला? गेम लावला की दहा मिनिटांत मशीन बंद पडत असेल तर आधी प्रोसेसरच्या पंख्यातली धूळ काढा. आणि हो, ग्राफिक कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्यालाच लावली आहे ना, तेही बघा. हसू नका, हे मी स्वतः केलंय.

एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची, गोष्ट वेगळी. तो डबा घरी उघडायचाच नाही. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. शिवाय मशीन अजिबात चालू होत नसेल तर दोष एसएमपीएसचा की मदरबोर्डचा, हे ओळखायला दुसरा चालू एसएमपीएस लावून बघावा लागतो. तो आपल्या घरात नसतो, दुकानात असतो. दुकानाची खरी ताकद हीच, आणि मजुरी द्यायची ती यासाठी.

हार्ड डिस्क खट्-खट् वाजत असेल तर मात्र दोन्ही पक्षांनी गप्प बसावं. मशीन बंद करा. फोटो महत्त्वाचे असतील तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. कोपऱ्यावरच्या दुकानात पहिला उपाय फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसणं, हाच असतो. आवाज नाही, पण फाइल उघडायला युगं लागतात, असं असेल तर आधी बॅकअप घ्या आणि मग क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत बघा.

मदरबोर्डच गेला, तर मशीनचं वय बघा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत जवळपास नाहीच, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. अशा मशीनला जुन्या बाजारातला बोर्ड बसवण्यावर मी तरी पैसे घालणार नाही. डिस्क काढून ठेवतो, बाकीचं भंगारात.

दुकानात न्यायचंच ठरलं तर आतल्या पार्टांचे फोटो काढून ठेवा आणि बदललेला जुना पार्ट परत मागा.