आवक शिक्का दाखवून मला फसवलं

काल त्या गल्लीतून जाताना माझ्या जुन्या जागेवर नवा फलक दिसला, ‘लवकरच सुरू होत आहे’. आजवर लाजेपोटी गप्प होते. आता सगळं लिहून टाकते.

मला मुलांसाठी चित्रकलेचे वर्ग सुरू करायचे होते. रहिवासी भागातल्या एका घराचा तळमजला भाड्याने मिळत होता. जागा दाखवणारा मध्यस्थ म्हणाला, “ताई, इथे बारा वर्षं शिवणवर्ग चालायचा. जुना वापर आहे, त्याला कोण हात लावणार? आणि परदेशात तर घराखाली दुकानं सर्रास चालतात.” शिवणवर्गाच्या परवानगीची छायाप्रतही त्याने दाखवली. ती खरी होती. त्याच्याकडचे बहुतेक कागद खरेच होते, फक्त ते कशाचे आहेत हे तो खोटं सांगायचा.

जुन्या वापराचंच घ्या. आधीपासून चालत आलेल्या वापराला नियोजनाच्या नियमांत अनेक ठिकाणी संरक्षण असतं, पण ते त्याच वापराला आणि तेवढ्याच जागेला. मध्ये ठरावीक मुदतीपेक्षा जास्त काळ वापर बंद राहिला, तर ते संरक्षण सहसा संपतं. शिवणवर्ग बंद होऊन तीन वर्षं उलटली होती. तिथे पाच-सहा बायका चालत यायच्या, माझी एकेक तुकडी वीस मुलांची. परदेशाचं म्हणाल तर जपानमध्ये सगळ्यात कडक रहिवासी विभागातही घराला जोडून छोटं दुकान चालतं हे खरं, पण दुकानाचा भाग 50 चौरस मीटरच्या आत आणि एकूण घराच्या निम्म्याहून कमी असावा लागतो. हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं, पण तेव्हा माझं डोकं भिंतींच्या रंगात अडकलं होतं.

वापर बदलाची परवानगी, वाहतुकीचा अहवाल आणि शेजाऱ्यांची संमती, अशा तीन कामांचे त्याने तीन हप्ते घेतले. महिन्याभराने मोबाइलवर एक फोटो आला. कार्यालयाचा गोल शिक्का, तारीख, क्रमांक. खाली त्याचा संदेश, “झालं काम, अभिनंदन.” मी त्याच दिवशी फलक रंगवायला टाकला.

वर्ग सुरू झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात गल्लीत भांडणं लागली. वीस मुलं म्हणजे वीस दुचाक्या, असा माझा भाबडा हिशोब. वाहतुकीची गणना करणारे येणं ही एक फेरी धरतात आणि जाणं ही दुसरी. सोडायला आलेला पालक आला आणि गेला, तासाभराने न्यायला परत आला आणि गेला. म्हणजे एका तुकडीच्या ऐंशी फेऱ्या, त्याही दोनदा दहा-दहा मिनिटांत कोंबलेल्या. समोरच्यांचं फाटक अडायचं. एकदा तर एका दुचाकीचा समोरच्या घरातल्या मुलाला धक्का लागला. त्याला फार लागलं नाही, पण त्याच्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही. 1926 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड या गावाच्या खटल्यात वस्तीची रहिवासी आणि व्यापारी अशी विभागणी वैध ठरवली, तेव्हा रहदारी कमी होऊन मुलांचे अपघात टळतील, हा मुद्दा त्या निकालातही होता. शेजारी उगाच कटकट करत नव्हते, हे मला फार उशिरा पटलं.

तक्रार झाली, नोटीस आली. मी ताठ मानेने तो फोटो घेऊन कार्यालयात गेले. टेबलामागच्या बाईंनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, “हा आवक शिक्का आहे. अर्ज आम्हाला मिळाला, एवढाच याचा अर्थ. परवानगीच्या पत्रावर जावक क्रमांक असतो, अधिकाऱ्याची सही असते, अटी असतात.” नोंदवहीत तो क्रमांक काढला तर विषय निघाला ‘नकाशाची प्रत मिळणेबाबत’. वापर बदलाचा अर्ज कधी दाखलच झाला नव्हता.

वाहतुकीचा अहवाल त्याने मला मुद्दाम उशिरा दिला होता. त्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिग्नल होता. आमच्या गल्लीला सिग्नल नाही. मोजणी सुट्टीच्या दिवसाची होती.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते संमतीपत्र. पहिल्या पानावर मजकूर, दुसऱ्या पानावर चौदा सह्या. शेजारच्या काकूंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “अगं, सही माझीच आहे. पण ही मी गटाराच्या अर्जावर केली होती.” दुसऱ्या पानावर ना विषय होता, ना पृष्ठक्रमांक. त्याने फक्त वरचं पान बदललं होतं. तेव्हापासून मी शेवटच्या पानावर विषय लिहिलेला नसेल तर सही करत नाही, मग तो सोसायटीचा साधा कागद का असेना.

वर्ग बंद करावे लागले. पालकांना शुल्क परत केलं. घरमालकाने अनामत अडवून ठेवली, कारण करारात ‘जागेचा वापर भाडेकरूच्या जबाबदारीवर’ असं एक वाक्य होतं आणि ते वाचूनच मी सही केली होती. परवानगी मिळाली नाही तर करार आपोआप रद्द, एवढी एक ओळ घालून घेतली असती तर निदान अनामत तरी सुटली असती.

मध्यस्थाला गाठलं तेव्हा तो जराही चिडला नाही. “ताई, परवानगी मिळवून देतो असं मी कुठे लिहून दिलंय?” म्हणाला. घरी येऊन तिन्ही पावत्या काढल्या. तिन्हींवर एकच शब्द होता, ‘सल्लाशुल्क’.

काल त्या नव्या फलकाखाली एक मुलगी दार पुसत होती. मी तिला पावती दाखवायला सांगितली. तिच्या पावतीवरही तोच शब्द होता, आणि मोबाइलमध्ये गोल शिक्क्याचा फोटो.