स्पिटफायरचं स्टिअरिंग अखेर सरळ झालं, उद्यमबागच्या गॅरेजचा अनुभव

आमच्या घरी 1968 ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क 3 आहे, गाडी सरळ जायची पण स्टिअरिंग डावीकडं कललेलं, आणि उजवीकडं वळलं की इंडिकेटर मधेच बंद पडायचा. आधी एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी नुसतं स्टिअरिंग व्हील काढून एक दात सरकवून बसवलं, वर सरळ दिसतंय म्हणून पैसे घेतले, पण इंडिकेटरचा घोळ आणखी वाढला की!

मग बेळगावच्या उद्यमबागला गेलो. तिथल्या मामांनी व्हील काढलंच नाही, आधी गाडी जॅकवर घेतली, स्टिअरिंगचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजून बरोबर निम्म्यावर रॅक (चाकं वळवणारी दात्यांची पट्टी) थांबवला. तेव्हा कळलं दोन्ही टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंत जाणारे दांडे) कमीजास्त फिरवलेले होते, उजव्याचे आटे कितीतरी जास्त बाहेर. ते सारखे करून टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते बघितलं, शेवटी कॉलम (स्टिअरिंगचा उभा दांडा) सरळ धरून क्लॅम्प आवळला. कॉलमचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) झिजलेले, ते नायलॉनमधे लेथवर काढून दिले, आपल्या बेळगावात हे काम करणारे हात अजून आहेत याचं खरंच लय बरं वाटतं.

दोन दिवस म्हणाले आणि पाच लागले, तेवढंच.

परवा चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलो, व्हीलचा मधला दांडा अगदी आडवा, इंडिकेटर दोन्हीकडं वेळेवर बंद होतोय. जुनी गाडी असेल तर बिनधास्त न्या ओ.