मोठ्यानं वाचावीत अशी पुस्तकं

माझ्या आत्याची नजर मधोमध गेली आहे. कडेकडेचं थोडंफार दिसतं, समोरचं अक्षर मात्र अजिबात दिसत नाही. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला तिचा, पुस्तकाशिवाय दिवस काढणं तिला जमणारच नव्हतं. म्हणून दिवेलागणीला मी तिला वाचून दाखवते. ऑडिओबुकंही आम्ही ऐकून पाहिली. त्यात वाचणारे चांगलं वाचतात, पण त्यांना "थांब, ते वाक्य परत वाच" असं म्हणता येत नाही, आणि आत्याला त्या 'परत वाच'मध्येच खरी गोडी आहे.

या वाचनामुळे पुस्तकांची माझी पारखच बदलली. मनातल्या मनात वाचताना डोळा रटाळ परिच्छेदावरून घसरत पुढे जातो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. मोठ्यानं वाचताना एकेक शब्द तोंडातून जावा लागतो. लेखकानं उगीच पाल्हाळ लावलं असेल तर आधी आपली जीभ कंटाळते आणि मग ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. गाजलेली काही पुस्तकं आम्ही दहा-बारा पानांत मिटली. त्यांची नावं घेत नाही, डोळ्यांनी वाचणाऱ्याला ती आवडतीलही. ज्यांनी कान धरून ठेवले, त्यांच्याबद्दल मात्र भरभरून सांगायचं आहे.

पहिला मान लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राला. मी ते पूर्वी वाचलेलं होतं, पण ते खरं कळलं ते आता, ऐकवताना. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यामुळे त्यांची वाक्यं लेखी मराठीच्या वाटेला जातच नाहीत. समोर कुणीतरी बसलंय आणि बाई त्याला घडलेलं सांगतायत, असं वाक्यावाक्याला वाटत राहतं. सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत येते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, आणि त्यापायी सगळ्या घराचा जीव मेटाकुटीला आलेला. हे सांगताना लक्ष्मीबाई तक्रारीचा सूर लावत नाहीत, वडिलांची टरही उडवत नाहीत. नुसतं काय घडायचं ते सांगतात. ऐकताना आत्या खळखळून हसली आणि पुढच्याच पानाला गप्प झाली. तिथे काय वाचलं होतं ते सांगणार नाही, तुम्हीच वाचा.

1895 साली लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. त्यानंतर नवऱ्यापासून दूर, लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाईंनी काही वर्षं काढली, तो भाग या पुस्तकाचा गाभा आहे. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती होतात, पण त्याआधी मनातल्या सोवळ्या-ओवळ्याचा एकेक पदर कसा गळत जातो, हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलंय की वाचणाऱ्यानं आवाजात नाटक आणायची काहीच गरज पडत नाही. उलट नाटक केलं तर ते खोटं वाटतं. सरळ वाचायचं. प्रसंग छोटे आहेत, त्यामुळे कुठेही थांबता येतं आणि दुसऱ्या दिवशी धागा चटकन सापडतो. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण मोठ्यानं वाचायचं असेल तर सबंध पुस्तकच घ्या. बाईंचं विषयांतर हाच त्यातला अर्धा आनंद आहे. घरात कुणी पन्नाशीच्या पुढचं असेल, दमलेलं असेल, वाचन सुटलेलं असेल, तर या पुस्तकानं सुरुवात करा.

दुसरं 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर तरुण मास्तर येतो, बंद पडलेली शाळा चालू करू पाहतो, एवढंच कथानक. आत्या स्वतः मास्तरीण, त्यामुळे शाळेत मुलं गोळा करण्याची खटपट तिला फार जवळची वाटली. मी मात्र वाक्यांवर खूश होते. माडगूळकरांचं वाक्य लहान असतं, पण तुटक नसतं. एक वाक्य संपलं की चित्र पुरं होतं, आणि पुढच्या वाक्याला सुरुवात करण्याआधी आपण नकळत श्वास घेतो. ही विश्रांती लेखकानंच ठेवलेली आहे, वाचणाऱ्यानं ती फक्त पाळायची. मी सुरुवातीला माझ्या नेहमीच्या वेगानं वाचत होते. आत्या म्हणाली, "जरा सावकाश. मला ते माळरान दिसू दे." तेव्हापासून हे पुस्तक मी निम्म्या वेगानं वाचलं.

यातली माणसं ऐकणाऱ्याच्या पक्की लक्षात राहतात. वाडीला धाकात ठेवणारा म्हातारा कारभारी, मास्तरला सोबत करणारा आयबू, चोऱ्या करणारा आनंदा रामोशी. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून 'हा कोण' हे बघता येत नाही, त्यामुळे प्रत्येक माणूस पहिल्या भेटीतच ठसावा लागतो, आणि तो इथे ठसतो. दुसरा बैल नाही म्हणून शेकूची बायको औताला स्वतःचा खांदा लावते, तो प्रसंग वाचताना माझा आवाज जड झाला. आत्या थांबली, मी पुढचं वाक्य वाचेपर्यंत काही बोलली नाही. लेखक त्या प्रसंगावर एकही शब्द जास्त खर्च करत नाही. पुढे वाडी मिळून तालीम बांधते आणि मग दुष्काळ पडतो. शेवट सांगत नाही. पुस्तक बारीक आहे, आठवड्याभरात सहज होतं. किशोरवयीन मुलांनाही ऐकवा, त्यांना कंटाळा येणार नाही.

तिसऱ्या पुस्तकाला थोडा धीर लागतो. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. वरसईचं हे भिक्षुक घराणं. डोक्यावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला विष्णुभट काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, आणि नेमकं ते साल होतं 1857. मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत असं ऐकून निघालेला हा साधा माणूस झाशीच्या वेढ्यात सापडला. राणी लक्ष्मीबाईंना त्यानं स्वतः पाहिलं, शहर पडल्यानंतरची कत्तलही पाहिली. बऱ्याच वर्षांनी त्यानं हे लिहून काढलं आणि 1907 साली चिंतामण विनायक वैद्यांनी ते छापलं.

भाषा जुनी. पहिली काही पानं वाचताना मी अडखळत होते. पण डोळ्यांना अवघड वाटणारी ही वाक्यं कानाला सोपी जातात, हा मला लागलेला मोठा शोध आहे. कारण ती पुराणिकाच्या तोंडची वाक्यं आहेत. क्रियापदापर्यंत पोचायला वेळ लागतो, पण लय धरली की आपोआप पोचतो. गोडसे भटजी युद्धाचं राजकारण फारसं सांगत नाहीत. जेवायला काय मिळालं, रात्र कुठे काढली, कनवटीचे पैसे कुणी लुटले, हे सांगतात. इतिहासाच्या पुस्तकात न सापडणारी भीती इथे सापडते. आणि एवढ्या धुमाळीतून हा माणूस आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो. आत्याला हे इतकं आवडलं की झाशीचं प्रकरण तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. तुम्ही वाचाल तेव्हा आधी आपल्याशी दोन पानं मोठ्यानं वाचून जीभ सैल करून घ्या आणि मग ऐकवायला बसा.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' आम्ही वेगळ्या पद्धतीनं वाचतो आहोत. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख, अशी या पुस्तकाची रचना. त्या त्या महिन्यात तो तो लेख वाचायचा, घाई करायची नाही. दुर्गाबाईंचं वाक्य घनदाट असतं, संस्कृत शब्दांनी भरलेलं, एका दमात दोन पानांहून जास्त मी वाचत नाही. पण ज्याला आता पालवीचा रंग दिसत नाही, त्याला हे लेख ऐकवून बघा. पानाच्या कोवळेपणातल्या छटा, फुलाचा वास, मोहराचं झडणं, हे सगळं दुर्गाबाईंनी इतक्या बारकाईनं टिपलंय की आत्या मध्येच मला थांबवून बाहेरचं झाड कसं दिसतंय ते विचारते. मग मला उठून नीट बघावं लागतं. मी रोज ज्या झाडाखालून जाते त्याच्या पानांचा रंग मी पहिल्यांदा शब्दांत सांगितला तो यामुळे.

बहिणाबाई चौधरींची गाणी तर मुळात कानासाठीच. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. काम करता करता सुचलेल्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि बाई गेल्यावर, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. ज्या दिवशी घसा बसलेला असेल किंवा वेळ कमी असेल त्या दिवशी दोन-तीन गाणी पुरतात.

'धग'बद्दल थोडं. उद्धव शेळक्यांच्या या कादंबरीतली कौतिक ही मराठीतली फार मोठी बाई आहे. गरिबीशी तिची झुंज वाचताना मी कित्येकदा पुस्तक खाली ठेवलं. पण संवाद वऱ्हाडीत आहेत आणि माझ्या तोंडात वऱ्हाडी बसत नाही. ज्यांच्या घरात ती बोली बोलली जाते त्यांनी हे पुस्तक जरूर मोठ्यानं वाचावं, माझ्यापेक्षा कितीतरी सरस होईल.

आणि एक पुस्तक मी मुद्दाम ऐकवलं नाही, एकटीनं वाचलं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', 1939चं. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि चक्रधर व हेर्टा यांची काही दिवसांची जवळीक. चक्रधरचं मन इतकं उघडं आहे की दुसऱ्या कुणासमोर ते वाचणं मला जमेना. हे रात्री एकट्यानं, एका बैठकीत वाचायचं पुस्तक आहे. ज्यांना 'मराठीत जुनं काय वाचू' असा प्रश्न पडतो आणि जाड पुस्तकाची धास्ती वाटते, त्यांना मी आधी हेच देते.

ऐकवायला बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तासाभरात वीस-पंचवीस पानं होतात, त्यापेक्षा जास्त ओढू नका, ऐकणाराही दमतो. आणि रोज सुरुवात करण्याआधी काल कुठे थांबलो ते दोन वाक्यांत सांगा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे ऐकणाऱ्यालाच सांगायला लावा. आत्या काल ऐकलेलं सांगते तेव्हा माझ्याकडून निसटलेलं काहीतरी तिच्या बोलण्यात हमखास असतं.

आता तिला रहस्यकथा ऐकायच्या आहेत. एका बैठकीत संपणारी कथा हवी, पात्रं चार-पाचांपेक्षा जास्त नकोत, आणि धागेदोरे कानानं लक्षात राहतील असे हवेत, नकाशे आणि वेळापत्रकं नकोत. तुम्ही कुणाला अशा कथा वाचून दाखवल्या असतील तर नावं नक्की सुचवा, आणि ऐकणाऱ्यानं खुनी आधी ओळखला का तेही सांगा.