कानस उलटी ओढली होती: बुलेटच्या ‘ओरिजिनल’ हत्यारांत मी कसा फसलो

आमच्या अण्णांची बुलेट १९७८ सालची. कास्ट आयर्नचं इंजिन, उजव्या पायाला गिअर. अण्णा गेल्यापासून तिची सगळी कामं मीच करतो आणि अडलं की गल्लीतले मिस्त्रीमामा मदतीला येतात. मागच्या दिवाळीनंतर इंजिनाच्या पोटातून ठकठक ऐकू यायला लागली. मामांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्रँककेसला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, “बिग-एंड गेलाय. उघडायला लागतंय.” बिग-एंड म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, जिथे जोडतो तिथलं बेअरिंग.

बिग-एंडपर्यंत पोचायचं तर टायमिंग साइडचं (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या चाकांच्या बाजूचं) लहान पिनियन, म्हणजे दात्यांचं चाक, आधी क्रँकवरून ओढून काढावं लागतं. त्याच्यासमोर जो वर्म (स्क्रूसारख्या दात्यांचा नट) असतो, ज्याच्यावर तेलाचे पंप चालतात, त्याचे आटे उलटे. घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे बहुतेक बुलेटवाल्यांना ठाऊक असतं. खरी अडचण पुढे येते. पिनियनच्या मागे जागा एवढी कमी असते की बाजारातल्या साध्या पुलरची, म्हणजे चाक ओढून काढायच्या हत्याराची, नखं आत शिरतच नाहीत. आणि पुलरचा बोल्ट क्रँकच्या ज्या टोकावर टेकवायचा, त्याच टोकाला तेलाचं भोक आहे. टायमिंग कव्हरमधून बुचाच्या सीलमार्गे तेल त्या भोकात शिरतं आणि बिग-एंडला जातं. ते तोंड बिघडलं तर नवा बिग-एंड बसवूनही तो तेलाविना कोरडाच मरणार. म्हणून या कामाला वेगळं हत्यार लागतं, पातळ पण चिवट नखांचं, आणि बोल्ट व क्रँक यांच्यामध्ये टोपी असलेलं.

असं हत्यार शोधायला मी पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. पाने मात्र चांगले मिळाले. जुन्या बुलेटचे बरेचसे नट इंग्लंडच्या जुन्या, व्हिटवर्थ मापाचे. पाव इंची बोल्टावरच्या व्हिटवर्थ नटाची रुंदी १३.३ मिलिमीटर भरते. १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा कोपरे गोल करून ठेवतो, त्यामुळे व्हिटवर्थचे पाने ज्याच्याकडे नाहीत त्याने जुन्या बुलेटला हातच लावू नये असं मला मनापासून वाटतं. पुलर मात्र कुठेच दिसला नाही. शेवटी एका ओळखीच्याने मोबाइलवर एक जाहिरात पाठवली: दक्षिणेतलं एक जुनं सर्व्हिस वर्कशॉप बंद झालं, तिथला बुलेटच्या खास हत्यारांचा पाच नगांचा ओरिजिनल संच, लाकडी पेटीसकट, ९,८०० रुपये.

मी फोन केला. माणूस अगदी अदबीने बोलला. वर्मचे आटे उलटे असतात हे त्याने आपणहून सांगितलं. बुचाचं सील प्रत्येक वेळी नवं घाला, म्हणाला. मला वाटलं, ज्याला बुलेटच्या पोटातलं एवढं कळतं तो लुबाडणारा कसा असेल? इथेच मी चुकलो. माहिती असणं वेगळं आणि दानत असणं वेगळं, हे मला पन्नाशीत कळायला नको होतं.

मी विचारलं, पोलाद पाणी पाजलेलं, म्हणजे लाल करून बुडवून कडक केलेलं, आहे का? तो म्हणाला, “दादा, व्हिडिओच पाठवतो.” व्हिडिओ आला. पुलरच्या बोल्टवर कानस टेकवलेली, हात सरसर फिरतोय आणि कानस काचेवरून घसरावी तशी घसरतेय, ओरखडा म्हणून नाही. कडक पोलादावर कानस अशीच घसरते, ही परीक्षा मला माहीत होती. त्याच रात्री यूपीआयने पूर्ण पैसे पाठवले. शेवटचाच संच आहे, सकाळी दुसरा माणूस येतोय, असंही तो म्हणाला होता.

आठ दिवसांनी पेटी आली. ग्रीसमध्ये माखलेला मेणकागद, गंजाचा तपकिरी थर, प्रत्येक नगावर ठोकलेला नंबर. अण्णांच्या हत्यारांच्या ट्रंकेला यायचा तसाच वास आला आणि माझे डोळे भरले. म्हणूनच मी त्यावर कानस चालवून पाहिली नाही. एवढ्या जुन्या हत्याराला ओरखडा कशाला काढायचा, असं वाटलं.

रविवारी सकाळी मी आणि मामा कामाला बसलो. वर्म नीट सुटला. पुलर लावला, टोपी बसवली, बोल्ट आवळायला घेतला. अर्धा फेरा घट्ट गेला आणि मग अचानक हाताला मऊ लागायला लागलं. पिनियन सुटतंय असं समजून मी आणखी आवळला. प्रत्यक्षात एक नख उघडत होतं. बोल्ट तिरका झाला, टोपी चिरली आणि बोल्टचं टोक पाचरीसारखं तेलाच्या भोकात घुसलं. “थांब!” मामा ओरडले तोवर भोकाचं तोंड एका बाजूने फाटलेलं होतं. बोल्टचे आटे तर सुतासारखे सोलून निघाले होते.

मामांनी काहीही न बोलता पुलर उचलला आणि ग्राइंडर चालू केला. आधी जुनी मोडकी कानस चाकाला लावली. ठिणग्या जवळच फुटून फुलबाजीसारख्या पसरल्या. मग गेटच्या ग्रिलचा तुकडा लावला. लांब, सरळ, पिवळ्या रेघा निघाल्या, फाटे जवळपास नाहीत. मग आमचा ‘ओरिजिनल’ बोल्ट. ग्रिलसारख्याच रेघा. माइल्ड स्टील. त्यात कार्बनच एवढा कमी असतो की लाल करून कितीही पाण्यात बुडवा, ते कडक होत नाही. नखांवरचा काळा रंग घासला तर खाली वेल्डिंगचा सांधा निघाला. असल्या हत्याराला नखं अंगातूनच घडवलेली हवीत, जोडलेली नव्हेत.

संध्याकाळी मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, अगदी हळू करून. तेव्हा कुठे दिसलं. कानस पुढे ढकलताना कापते. तिचे दात तसेच कापलेले असतात. त्या माणसाने प्रत्येक वेळी कानस स्वतःकडे ओढली होती आणि पुढे नेताना अलगद उचलली होती. तशी ओढली तर मऊ लोखंडावरूनही ती घसरते. म्हणजे ही परीक्षा गिऱ्हाइकाला ठाऊक असते हे त्याला माहीत होतं, आणि ती खोटी कशी करायची याचाही सराव होता.

मग बाकीच्या खुणाही एकेक करून डोळ्यांपुढे आल्या. गंज सगळीकडे सारखा होता, अगदी आट्यांच्या तळापर्यंत. तीस-चाळीस वर्षं वापरलेलं हत्यार असं नसतं. जिथे हात आणि पाना लागतो तिथे ते गुळगुळीत, चकचकीत होतं आणि गंज राहतो कोपऱ्यात. नंबरांच्या कडा बोटाला टोचत होत्या, म्हणजे ते नव्याने ठोकलेले होते. अंकांची उंचीही सारखी नव्हती, हातपंचने एकेक ठोकलेले असावेत. हे सगळं पेटी उघडली त्याच क्षणी समोर होतं.

फोन केला तर म्हणाला, “जुनं हत्यार आहे दादा, तुम्ही जोर जास्त दिलात.” दुसऱ्या फोनला उचललं नाही. नंतर माझा नंबर ब्लॉक. चौकशी केली तर इचलकरंजीतल्या एका मित्राकडेही तीच पेटी, तेच नंबर. त्याने अजून वापरली नव्हती म्हणून त्याचं इंजिन वाचलं.

क्रँकचं काम करणाऱ्याने सांगितलं की फाटलेल्या तोंडावर भरवसा ठेवता येणार नाही, टायमिंग साइडचा शाफ्टच बदलू. नवा शाफ्ट, प्रेसचं काम आणि क्रँक सरळ करून घेणं मिळून ६,५०० रुपये गेले. पैशांचं एक वेळ सोडा. अण्णांच्या हयातीत त्या क्रँकला कुणी हात लावला नव्हता, त्याचं मला वाईट वाटतं.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण वस्तू हातात मिळालेली असल्याने ग्राहक आयोगाकडे जा असं मला सांगण्यात आलं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो तिथे करता येते, घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते, आणि रक्कम पाच लाखांच्या आत असली तर फी नाही. मी केली आहे. व्हिडिओ, यूपीआयची पावती, कुरिअरचं लेबल आणि मोडलेला पुलर, सगळं जपून ठेवलंय. ज्यांच्याबरोबर असं झालंय त्यांनी तुकडे रागाने भंगारात टाकू नयेत.

पुलर शेवटी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतला. तेल-इंजिनांच्या आणि ओतकामाच्या त्या वस्तीत आजही असे टर्नर आहेत, ज्यांना कागदावर काढलेलं चित्र पुरतं. मी पिनियनचा जुना जोड नमुना म्हणून नेला आणि मागच्या जागेत पुठ्ठ्याचा तुकडा घालून नखांची जाडी ठरवली. अंग आणि बोल्ट ईएन-२४ या चिवट मिश्र पोलादाचे. बार कापण्याआधी त्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं, तर टर्नर रागावला नाही, उलट खूश झाला. बोल्ट १४ मिलिमीटर जाडीचा, त्याला दीड मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांतल्या अंतराचे) बारीक आटे ठेवले, त्याने ओढ सावकाश पण जास्त मिळते. पाणी आम्ही हीट ट्रीटमेंटवाल्याकडून दिलं आणि टेम्परिंग करून, म्हणजे पुन्हा थोडं तापवून, कडकपणा ४० एचआरसीच्या (कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापाच्या) आसपास ठेवला. नुसतं कडक ठेवलं तर नख वाकत नाही, पण तडकतं. टोपी गनमेटलची (तांबं-कथिलाच्या मिश्रधातूची) केली, आतून पोकळ, म्हणजे सगळा भार भोकाच्या बाहेरच्या कडेवर येतो. एकूण खर्च ३,२०० रुपये. त्या पुलरने मित्राच्या इंजिनाचं पिनियन पावणेदोन फेऱ्यांत सुटलं. आमची बुलेटही आता ठकठकत नाही.

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून एका ओळखीच्याचा फोन आला. तीच लाकडी पेटी, भाव आता १२,००० रुपये. व्हिडिओही आला होता. मी त्याला म्हटलं, नवा व्हिडिओ माग, कानस दोन्ही हातांनी धरून, अंगापासून पुढे ढकलताना दिसली पाहिजे. त्याने तसा निरोप पाठवला. समोरच्याने तो वाचला. उत्तर अजून आलेलं नाही.