चौदा रुपयांची आयसी

१४ रुपयांना 'ओरिजनल' ५५३२ (माइकचा आवाज वाढवणारी आयसी, म्हणजे चिप) मिळते म्हटल्यावरच मला समजायला पाहिजे होतं. एरवी मला ती ४५ ला पडते. पण फोनवर फोटो आला, वर पांढरी झकास छपाई, सोबत "कंपनीचा उरलेला माल आहे भाऊ". मी २५ नग मागवले अन् ३५० रुपये आगाऊ पाठवून मोकळा झालो.

आर्णीकडे आमच्या भागात मी भजन मंडळांना माइकचे मिक्सर बनवून देतो. आश्विनात राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला मोझरीला जायचं, म्हणून एका मंडळाला घाई होती. देवळात ट्रायल घेतली. आवाज वाढवला तसे खंजिरीवाले बुवा थांबले.

"काऊन गा, हे सूप पाखडल्यासारखं सरसर करून राह्यलं? अन् माह्या खंजिरीची झांज कुठं गेली?"

म्हाताऱ्या माणसाच्या हळू आवाजात माइकमधून एक मिलिव्होल्टसुद्धा धड निघत नाही. पहिल्याच टप्प्यात मी तो २०० पट वाढवतो. त्या टप्प्यात आयसीची स्वतःची खरखर मिसळली की तीही २०० पट होते, पुढे कितीही चांगलं सर्किट लावा, ती निघत नाही.

मी आधी अर्थिंगवर संशय घेतला. शिल्डची वायर बदलली. ॲडाप्टर काढून दोन बॅटऱ्यांवर चालवलं. तरी तेच. (लाइनची घूंऽऽ वेगळी असते, ही सरसर होती, एवढं तरी मला ओळखायला हवं होतं.) कार्बनचे रेझिस्टर काढून मेटल फिल्मचे टाकले. तीन रात्री यात गेल्या.

चौथ्या दिवशी जुन्या मिक्सरमधली आयसी काढून सॉकेटात बसवली. सरसर गायब, झांज परत. मग दोन्हींचा करंट मोजला. जुनी ८ मिलिअँपिअरच्या आसपास घेत होती, नवी जेमतेम १. बायकोचा नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन घासला, तर ५५३२ कापसावर उतरली. खाली काळा रंग, त्याखाली घासल्याच्या बारीक रेषा, अन् तिरपं धरल्यावर अर्धवट दिसणारे आकडे: ३५८.

एलएम ३५८ ची पिनरचना तीच, म्हणून सर्किट चालतं अन् चोरी पचते. पण ५५३२ ची नॉइज, म्हणजे तिची स्वतःची खरखर, ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ (खरखर मोजायचं एकक), हिची ४० च्या घरात. वर हिची गेन-बँडविड्थ (आवाज किती पट वाढवायचा गुणिले किती बारीक सुरापर्यंत) १ मेगाहर्ट्झच, म्हणजे २०० पट वाढवला की पाच किलोहर्ट्झच्या वरचे बारीक सूर उतरायला लागतात. झांज तिथंच मेली होती.

विक्रेत्याला फोन केला. "तुमचं मीटर खराब असेल." मी कापसाचा फोटो पाठवला, तर म्हणे स्वतःच्या खर्चानं माल परत पाठवा. नंतर फोन उचललाच नाही.

तेवढ्यात दुसऱ्या मंडळाला याच मालातला एक मिक्सर गेलेला. तो मागून आणला, चार आयसी बदलून दिल्या. मजुरी कुठली मागता? आता पाकीट आलं की आधी कापूस, मग करंट, मगच सोल्डर. मोजायला एक सॉकेट अन् दोन बॅटऱ्या पुरतात.

उरलेल्या आयसी फेकल्या नाहीत. ३५८ वाईट नाही, तिची जागा माइकपुढं नाही एवढंच. गावातल्या पाण्याच्या टाक्या भरल्या की बजर वाजतो ना, तिथं लावून टाकल्या.